मागची दोन चाकं

रस्त्याच्या कडेला कुणाचीही गाडी उभी दिसली की माझी नजर आधी मागच्या चाकांवर जाते. खिशात काडेपेटी असते. सिगारेट मी कधीच ओढली नाही. आजूबाजूला कुणी नसलं तर काडी काढून टायरच्या खाचेत उभी धरतो. काडीचा गूल बुडला तर ठीक. गूल वर राहिला, म्हणजे टायर झिजलेला असला, तर मालकाची वाट बघून त्याला सांगावं असं वाटतं. आजवर एकदाही थांबलो नाही.

काडीची ही परीक्षा मला कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका टायरवाल्यानं शिकवली. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, गडहिंग्लजला गुळाचा व्यापार करायचे. दर आठवड्याला आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गिऱ्हाइकांकडं जायचे. आषाढात त्या घाटात ढग रस्त्यावर येऊन बसतात आणि पाणी वरच्या कड्यावरून सरळ डांबरावर पडतं. म्हणून दाजींनी खोल खाचांचे चार टायर त्या दुकानदाराला सांगून बाजूला ठेवून घेतलेले. गाड्यांतलं मला कळतं असा माझा बोलबाला, म्हणून निवडायला मला बरोबर नेलं.

आमच्या दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या. मी नुकतीच माझ्या गाडीला चकचकीत मॅगव्हीलची चाकं बसवली होती. त्यांच्यावर जुने टायर कसेतरीच दिसत होते. माझी गाडी घरापासून ऑफिसपर्यंत आणि रविवारी रंकाळ्यावर, एवढीच फिरायची. तरी ते चार काळेभोर टायर बघितले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दाजी, ह्यातले दोन मी नेऊ का? तसा माल परत मिळायचा नाही."

दुकानदार मध्ये पडला. "ह्यांचं घाटातलं जाणं-येणं हाय, पावणं. चारी लागत्यात."

"पुढं दोन नवे टाकले की झालं की."

"आणि मागं गोटा ठेवणार? पावसात गाडीचं बूड फिरतंय. दोनच टाकायचं आसलं तर नवं मागं टाका."

झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला ते लोक गोटा म्हणतात. मी हसलो. "काय उलटंच सांगताय राव! गाडी ओढतात पुढची चाकं, वळवतात पुढची चाकं. मागची नुसती मागनं येतात."

दुकानातले चार लोकही हसले. दुकानदार एकटा हसला नाही. त्यानं काडी काढून दाजींच्या मागच्या टायरला लावून दाखवली. गूल पुरा वर होता. दाजींनी काडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी वयानं लहान, पण बायकोचा भाऊ; आमच्याकडं मेहुण्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी मागितले होते.

"घ्या की पावणं," दाजी म्हणाले. "तुमच्या चाकास्नी शोभत्यात."

तीन आठवड्यांनी दाजी त्यांच्या आईला, आम्ही सगळे जिला अव्वा म्हणायचो तिला, सावंतवाडीच्या लेकीकडं सोडायला निघाले. अव्वा नेहमी मागं बसायची. घाटातल्या एका वळणावर पुढची चाकं रस्ता धरून राहिली आणि गाडीची मागची बाजू फिरली. कठड्यावर आदळली ती अव्वाची बाजू.

तिला कोल्हापूरला आणलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात दाजींचे थोरले भाऊ सगळ्यांदेखत ओरडले, "किती पळवत हुतास रं गाडी? आईला तरी बघायचं हुतंस!"

"पळवत न्हवतो," दाजी म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. आता माझं नाव येणार म्हणून मी भिंतीला टेकलो. त्यांनी मान खाली घातली. मी सुटलो. मॅगव्हीलची गाडी तिथंच खाली सोडून मी रिक्षानं घरी गेलो.

पुढं गॅरेजला मोडकी गाडी बघायला मीच गेलो होतो. पुढच्या टायरांच्या कडेचे रबराचे बारीक केससुद्धा अजून गेले नव्हते.

दाजींनी परत स्टिअरिंगला हात लावला नाही. एसटीनं फिरायला लागले. कुणाच्याही गाडीत बसलं की अक्का ड्रायव्हरला म्हणायची, "हळू चालवा हं," आणि म्हणताना बघायची दाजींकडं. थोरले भाऊ त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. मोडक्या गाडीचे मागचे दोन टायर गड्यानं गोठ्याच्या छपरावर नेऊन टाकले, वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून. मी जाईन तेव्हा ते वर असायचे. पावसात तर असे चमकायचे की डोळे कुठं ठेवावेत कळायचं नाही. चहाला मी कायम गोठ्याकडं पाठ करून बसायचो, तरी मानेला कळायचं.

नऊ वर्षं. मधल्या काळात मी ती गाडी विकली, मॅगव्हील आधीच काढून माळ्यावर टाकली होती. पाऊस लागला की गाडीत मागं कुणीतरी बसलंय असं वाटायचं. मागं वळून बघायचा धीर व्हायचा नाही. आरसा वर फिरवून ठेवायचो.

शेवटी अव्वाच्या पुण्यतिथीला, शेतातल्या समाधीला फुलं वाहून सगळे सोप्यात जेवायला बसले तेव्हा बोललो. आधी ठरवलं नव्हतं. थोरले भाऊ लेकाला सांगत होते, "काकासारखी गाडी पळवू नको, बाबा." दाजी भाकरी मोडत होते. मी म्हणालो, "त्यांनी पळवली नव्हती." मग सगळं सांगितलं. चार टायर, काडी, दुकानदार, हसणं. गोठ्याच्या छपराकडं बोट केलं.

थोरल्या भावांनी ताट बाजूला सारलं. मग दाजींना म्हणाले, "तू का बोलला न्हाईस?"

"तुम्ही इचारलंसा कवा? किती पळवत हुतास, एवढंच इचारलंसा." दाजींचा आवाज चढला नव्हता. "आणि पावण्याचं नाव घेऊन आई येणार हुती व्हय परत?"

अक्का वाढायला उभी होती. तिनं पातेलं खाली ठेवलं, माझ्या ताटाजवळ नाही, दाजींच्या ताटाजवळ. आणि तिथंच खाली बसली.

निघताना दाजी एकटेच गाडीपर्यंत आले. मी काडेपेटी खिशातून काढून डॅशबोर्डवर ठेवली होती. खिडकीतून हात घालून त्यांनी ती उचलली, मागं गेले, वाकले. गुडघा दुखत असावा, वाकायला वेळ लागला. एका चाकाला काडी लावली, मग वळसा घालून दुसऱ्याला.

"बुडतीया," ते म्हणाले. "जावा आता."

आरशात अक्का दारात उभी दिसत होती. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती हळू चालव म्हणते. मला काही म्हणाली नाही.