आगीचं पाणी

चेअरमननी कळशीला लाथ मारली. हातानं ढकलली नाही. हात विटाळला असता.

कळशी पार्किंगच्या फरशीवरून घरंगळत एका स्कूटरखाली गेली. पाणी माझ्या पायावरून नालीकडे वाहून गेलं. मी तेव्हा नववीत. उन्हाळ्याचे दिवस. लातुरात नळाला पाणी कधी येईल, कुणालाच ठाऊक नसायचं. बिल्डिंगीत टँकर यायचा, पण तो फ्लॅटवाल्यांचा. आमचा फ्लॅट नव्हता. जळकोटकडचं गाव सोडून अप्पा इथं वॉचमन झाले होते आणि आम्ही जिन्याखालच्या खोलीत राहत होतो. त्या खोलीत अप्पांना मान वाकवूनच उभं राहावं लागायचं.

खोलीबाहेर भिंतीला लाल पाइप होता. त्याला तोटी. माय म्हणाली, भातापुरतं पाणी आण. मी कळशी लावली.

"ए पोरी! हे आगीचं पाणी हाय," चेअरमन ओरडले. "कायदा कळतो का, कायदा? आगीचं पाणी आगीसाठीच."

अप्पा तिथंच होते. "चुकलं साहेब, लेकरू हाय," म्हणाले. मान वाकलेली. डोक्यावर जिना नसताना वाकलेली.

त्याच संध्याकाळी त्याच पाइपाला नळी लावून अप्पांनी चेअरमनची गाडी धुतली. मग वरच्या मजल्यांवरचे कूलर भरले. गाडीला आग लागली असावी. कूलरलाही.

मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मी, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. बी.एस्सी. केलं. नांदेडला आग-सुरक्षेचा कोर्स केला, तिथंच एका एजन्सीत लागले. आमचं काम सोपं आहे. दर सहा महिन्यांनी इमारतीत जायचं. पंप चालतो का, टाकी भरलेली आहे का, जिना मोकळा आहे का, बघायचं. मी ठीक आहे म्हटल्याशिवाय एजन्सीचा दाखला निघत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमचे मालक म्हणाले, "लातूरचं काम हाय. चेअरमननी खास तुलाच बोलावलंय. आमच्या वॉचमनची पोरगी पाठवा म्हणले."

मला चक्क बरं वाटलं. वाटलं, माणसाला आता माझी किंमत कळली. त्यांना किंमत कळलीच होती. स्वस्तात पडेल, एवढी.

पार्किंगमध्ये खुर्ची टाकून चेअरमन बसलेले. पोट वाढलेलं, बाकी सगळं तेच. त्यांना कपबशीत चहा, मला कागदी कपात.

"लई शिकलीस म्हणं! शिकणारच. ह्या बिल्डिंगीची लेक तू. हे तुझं माहेर हाय, माहेर."

माहेर. जिथं कळशीभर पाणी मिळालं नाही, ते माहेर. मी चहा तसाच ठेवला आणि वर गेले.

सगळ्यात वरच्या मजल्यावरची लाल पेटी उघडली. आत नळी नव्हती. कुणाच्या तरी चपला होत्या. खाली अप्पांना फोन करून पंप चालू करायला लावला, व्हॉल्व्ह उघडला. पाइप खोकला. गंज थुंकला. मग नुसती हवा.

समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. आत पलंगावर एक म्हातारी पडलेली, कमरेखालून लुळी. सून दारात येऊन म्हणाली, "अहो मॅडम, बंद करा ना ते! भिंतीला डाग पडतील." भिंतीची काळजी फार होती बाईला.

मी खाली आले. "टाकी कोरडी आहे, साहेब."

"उन्हाळा हाय, पोरी. लोक कूलर भरून राहिले. न्हाई म्हणून कसं चालंल? लिही भरलेली हाय म्हणून. पाऊस पडला की भरू."

"आणि त्याआधी आग लागली तर?"

"कुठं लागून राहिली आग? दाखव मला!" ते हसले.

"मी लिहिणार नाही."

मग ते माझ्याशी बोललेच नाहीत. अप्पांकडे वळले. "वॉचमन, पोरीला समजाव. न्हाईतर खोली रिकामी कर."

अप्पा जवळ आले. हळूच म्हणाले, "बाई, लिही की. इतक्या वर्षांत लागली का कधी आग? ह्या वयात मी दुसरं दार कुठं हुडकू?"

कळशीवरची ती लाथसुद्धा एवढी लागली नव्हती, जेवढं हे लागलं.

मी चेअरमनकडे बघितलं. म्हटलं, "साहेब, आगीचं पाणी आगीसाठीच."

त्यांना काही आठवलं नाही. कशाला आठवेल? त्यांचा पाय थोडाच दुखला होता.

मी तिथंच उभी राहून लिहिलं: टाकी कोरडी. नळी जागेवर नाही. चपलांचा फोटो जोडला. मालक फोनवर म्हणाले, "राहू दे, मी दुसरा माणूस पाठवतो." तेव्हा एक प्रत घेऊन मी सरळ अग्निशमन विभागाच्या ऑफिसात गेले आणि पोच घेऊनच बाहेर पडले.

खोली गेली. माय-अप्पा आता नांदेडला माझ्या भाड्याच्या खोलीत आहेत. छत उंच आहे. अप्पा आत येताना अजून मान वाकवतात. माझ्याशी बोलत नाहीत. मालकानं मला लातूरची कामं देणं बंद केलंय, आणि चेअरमन म्हणे सगळ्यांना सांगून राहिलेत की वॉचमनची पोर माजली.

हो, माजले.

मी दर सहा महिन्यांनी अग्निशमनच्या ऑफिसात जाणार. टाकी भरली का, विचारणार. तुमच्यावर दया येऊन नाही. तो कायदा मला कॉलेजात नंतर शिकवला, साहेब. आधी तुम्ही शिकवला होता, लाथेनं. म्हणून पक्का बसलाय. आता त्या पाण्यातला थेंबही तुमच्या गाडीला मिळणार नाही.