खंदकापलीकडची ओटी

देवी ऐकते यावर माझा विश्वास उरला नव्हता, तरी नवस बोलले. सवय असते. सुनेला सातवा महिना लागला आणि रक्त जायला लागले. आधी एक मूल पोटातच गेले होते. मुलाच्या परदेशातल्या गावी, फेल्डहोवनच्या इस्पितळात तिला पडून राहायला सांगितले. तिच्या आईचा व्हिसा आला नव्हता. तिला तिची आई हवी होती आणि वाट्याला मी आले. ती तसे बोलली नाही, पण मी खोलीत गेले की डोळे मिटून घ्यायची. मला राग आला नाही. तिच्या जागी मीही तेच केले असते.

मुलगा दिवसभर तिच्यापाशी, मी घरात एकटी. खिडकीतून सायकली जाताना दिसायच्या, पण माणसाचा आवाज म्हणून नाही. फ्रिजची घरघर ऐकत जेवायचे. कुलदेवीला म्हटले, हे मूल जगव, तुझी ओटी भरीन. खण, नारळ, तांदूळ पिशवीत घातले. पण आमच्याकडे ओटी सवाष्णीने भरायची. मी विधवा, सून अंथरुणावर. ओळखीच्या एका मराठी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, ऑफिस आहे हो. शनिवारी चालेल का?" शुक्रवारची ओटी शनिवारी कशी चालेल? मी फोन ठेवला.

त्याच शुक्रवारी डॉक्टर ठरवणार होते, थांबायचे की पोट उघडून बाळ काढायचे. बाळाचे ठोके मंदावत चालले होते. मला घरी सोडायचा मुलाला धीर होईना, आणि वॉर्डात एकालाच जाऊ देत होते. इस्पितळाजवळ एक जुना किल्ला आहे, भोवती खंदक आणि मोठी बाग. तिथे त्याने मला ओटीच्या पिशवीसकट बाकावर बसवले.

"आई, पुलापलीकडे जपानी बाग आहे, बघून ये. पूर्वीच्या मालकिणीने जपानहून बोटीतून दगड आणवले होते."

"का, इथे दगड नव्हते?"

"नाहीत गं. इथे सगळी वाळू." तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "फोन करतो. उचल मात्र."

नुसते बसवेना, म्हणून पूल ओलांडला. आत सगळीकडे हिरवे शेवाळ. मधे एक दगडी दिवा, खाली खांब, वर पोकळ घर आणि त्याला छप्पर. शेजारी दगडी कुंड, त्यावर वेळूचा पळा. मला वाटले, देऊळच आहे. देवळात पाय धुवून जातात, म्हणून बूट-मोजे काढले आणि पळ्याने पायांवर पाणी घेतले. हाडापर्यंत गार गेले.

मागे कुणीतरी हसले. एक म्हातारी होती, तोंडावर हात धरून हसत होती. सोबत तिचा म्हातारा. चेहऱ्यांवरून जपानी असावीत. तिने पळा घेतला, आपले हात धुतले, मग तोंडाला पाणी लावून दाखवले. म्हणजे चूळ भरायच्या पाण्याने मी पाय धुतले होते. म्हातारा काहीतरी कुरकुरला. तिने एका शब्दात त्याला गप्प केले. मग तो वाकून तिच्या कोटाचे बटण लावू लागला.

नवरा जिवंत, म्हणजे सवाष्ण. डोक्यात तेवढेच आले. सवाष्णीला देवी मानून ओटी भरतात. विधवेने भरू नये हे ठाऊक होते, पण तिथे दुसरे होते कोण?

"ओटी आहे," मी मराठीतच म्हटले. "सुनेसाठी." पोटावर हात ठेवून दाखवला. तिचे हसू थांबले. तिने गळ्यातला रुमाल दोन्ही हातांवर पसरला आणि पुढे केला. मी खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले. पाया पडायला वाकले तर तीही वाकली. मग तिने रुमालातले चिमूटभर तांदूळ उचलले आणि माझ्याकडे हात केला. मी नकळत पदर पुढे धरला. तिने ते त्यात टाकले.

ओटी घेणारी चार दाणे परत देते, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही माहीत असते. तिला कुणी सांगितले? कदाचित तिला वाटले असेल, म्हातारीने सगळेच देऊन टाकले, थोडे तिलाही राहू दे. विचारायला भाषा नव्हती. नवरा गेल्यापासून माझ्या पदरात कुणी दाणा टाकला नव्हता. मी तिथेच शेवाळाच्या कडेला बसून रडले. ती दोघे निघून गेली. नंतर लक्षात आले, ओटी भरताना मी मूल मागायचेच विसरले होते.

फोन आला तेव्हा ऑपरेशन झालेले होते. मुलगी. तळहाताएवढी, काचेच्या पेटीत. मुलगा मला न्यायला आला. सुनेने मला पाहिले आणि विचारले, "आई, ती जगेल ना?"

खोटे बोलणे मला जमत नाही. "मला माहीत नाही," मी म्हटले. "देवीला माहीत. पण आत्ता आहे."

तिने माझा हात ओढून गालाखाली घेतला आणि तशीच झोपली. हात अवघडला, पण मी काढला नाही.

नात अजून पेटीतच आहे. मी रोज काचेपाशी उभी राहते. असे कर, तसे कर, असे आता देवीला सांगत नाही. पूर्वी मी तिच्याशी सौदा करायचे आणि ती ऐकत नाही म्हणून रुसायचे. आता एवढेच म्हणते, आजचा दिवस दिलास, पोचला.