टाइम ऑफिसच्या खिडकीतल्या सुनंदाताई

सुनंदाताई काल गेल्या, आणि कंपनीच्या ग्रुपवरचा श्रद्धांजलीचा मेसेज एआयने लिहिला.

मला माहितेय, कारण ते काम ज्याच्याकडे होतं तो माझ्या शेजारी बसतो. त्याने नाव आणि डिपार्टमेंट टाकलं. मेसेज तयार.

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. फक्त त्यात ताई नव्हत्या.

म्हणून हे लिहितेय.

सुनंदाताई धाटावच्या आमच्या केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला होत्या. पेणहून कंपनीच्या बसने यायच्या. हजेरी, रजा, शिफ्टची अदलाबदल, सगळं त्यांच्या खिडकीतून चालायचं.

मी अकाउंट्सला नवीन लागले तेव्हा जवळच्या अष्टमी गावातून स्कूटीवर यायचे, काम करायचे, परत जायचे. कुणाशी बोलणं नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी हाक मारली.

"मेघा गो, डबा एकटी खातेस? हिकडं ये. निवट्या आणल्यात."

खाडीतले ते इवलेसे मासे मी कधी खाल्ले नव्हते. त्या दिवशी खाल्ले. दुसऱ्या दिवशी मागून घेतले.

त्यांच्या खिडकीवर कायम गर्दी. कुणाच्या पोरीचं बारसं, कुणाची आई बाथरूममध्ये पडलेली. रजेचं कारण सांगता सांगता माणूस घरचं सगळं सांगून जायचा.

आणि ताई ते चारजणांना सांगायच्या. खरं तर जरा जास्तच सांगायच्या.

मग कंपनीत नवीन सिस्टिम आली. मोबाइलवर मराठीत टाइप करा, 'उद्या रजा हवी', की लगेच उत्तर. शिफ्टसुद्धा तीच लावणार.

खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. पाळीच्या दुखण्यासाठी रजा मागताना आता मागे पुरुषांची रांग नव्हती. वशिला नाही, विनवण्या नाहीत.

फक्त खिडकीवर कुणी येईना.

ताईंना वरच्या मजल्यावर बसवलं. मशीनने लावलेली हजेरी नीट आहे का ते स्क्रीनवर बघायचं. एक कोपरा, एक खुर्ची.

आमच्या अकाउंट्समध्येही तेच झालं होतं. आधी काही अडलं की शेजारच्याला विचारायचो, त्यातून चहा निघायचा. आता स्क्रीनला विचारतो. दिवसभर आवाज फक्त एसीचा.

एकदा जिन्यात भेटल्या. थकलेल्या दिसत होत्या. विचारलं, तब्येत बरी नाही का?

"बीपी वाढलंय. डॉक्टर बोलला, कामाचा ताण हाय. मी त्याला बोलले, ताण कसला? काम हायच कुठं. दिवसभर कुणी माझं नाव घेत नाय गो."

पण ताई नुसत्या झुरत बसणाऱ्या नव्हत्या. त्या थेट मॅनेजरकडे गेल्या. शिफ्ट सुटताना अर्धा तास कॅन्टीनमध्ये बसू द्या म्हणाल्या.

"तिथे काय करणार?" मॅनेजरनी विचारलं.

"काय नाय. बसणार."

काय वाटलं कुणास ठाऊक, ते हो म्हणाले.

सुरुवातीला त्या एकट्याच बसायच्या. लोक मोबाइल बघत चहा घ्यायचे आणि बस पकडायचे. मलाच वाईट वाटायचं.

एके दिवशी प्लँटमधला, निडी गावचा दिलीप चहा घ्यायला आला. शेजारच्या टेबलावर बसून त्याने हेल्मेट काढलं. डोक्याचा चकोट केलेला.

ताई उठून त्याच्यापाशी गेल्या. "दिलीप, कोण गेलं रे?"

"बाबा."

"कधी?"

"तेरावं पण झालं, ताई."

"आणि सांगितलं नाय?"

"रजा टाकली ना मोबाइलवर. लगेच मंजूर झाली. आपल्या दुःखात सहभागी आहोत, असं पण आलं." तो चहाच्या कपाकडे बघत राहिला. "मला वाटलं, कळलं असेल सगळ्यांना."

कुणालाच कळलं नव्हतं. पूर्वीसारखं असतं तर दिलीप खिडकीवर आला असता, आणि अर्धी शिफ्ट निडीच्या स्मशानात उभी राहिली असती.

आता परत कामावर आल्यावरही त्याला एवढंच विचारलं गेलं होतं, "काय रे, गावाला गेलेलास?" तो व्हय म्हणाला होता.

एवढा मोठा माणूस त्या टेबलावर डोकं टेकून रडला. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्याची बस निघून गेली.

रविवारी ताई आम्हा सगळ्यांना घेऊन निडीला समाचाराला गेल्या. घरात जागा पुरेना, काहीजण अंगणात उभे.

दिलीपची आई एकेकाचं नाव विचारत होती. मग ताईंचा हात धरून म्हणाली, "कामावरचं कोणीच आलं नाय, तवा मला वाटलं, माझ्या पोराचं कुणाशी पटत नाय."



ताईंनी हे सगळं मॅनेजरला जाऊन सांगितलं. जशीच्या तशी ती वाक्यं. तेव्हापासून कुणी दुःखाची रजा टाकली की सिस्टिम विचारते, 'सहकाऱ्यांना कळवू का?' हो म्हटलं की ताईंना कळायचं. पुढचं ताई बघायच्या.

कॅन्टीनमध्ये त्यांच्या आजूबाजूला खुर्च्या कमी पडू लागल्या. रिटायर होईपर्यंत त्या तिथेच बसल्या.

गेल्या महिन्यात पेणला त्यांच्या घरी गेले होते. भाच्याने मोबाइलमध्ये बोलणारा एआय टाकून दिला होता. ताई त्याच्याशी गप्पा मारायच्या. मला हसूच आलं.

"कसा आहे?" विचारलं.

"गोड बोलतो. कधी पण विचार, कंटाळत नाय." मग म्हणाल्या, "पण मी चार दिवस बोलले नाय तर त्याला काय वाटत नाय गो."

ताई, तुम्ही बोलत नाही त्याचा आज पहिलाच दिवस आहे.

आम्हाला खूप वाटतंय.

शांतपणे जा. तुम्हाला आम्हा सगळ्यांचा मनापासून नमस्कार.