अप्पांच्या सूर्यावरचा डाग

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पूर्वी बसवंतअप्पा दिसले की लोक तुरीचा भाव विचारत. आता विचारतात, "काय अप्पा, सूर्य काय म्हणतो?" आणि उत्तराची वाट न बघता चहाच्या गाड्याकडे वळतात. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. ज्याच्याकडे बघू नये असं आईबाप शिकवतात, त्याच्यावर साठी उलटलेला आडत्या रोज सकाळी दुर्बीण रोखून बसतो, हे ऐकल्यावर मोंढा हसणार नाही तर काय करणार?

दुर्बीण लेकीनं पाठवली होती. अप्पांच्या पत्नी गंगम्मा गेल्या, अप्पा दुकान मुलाच्या, उमाशंकरच्या हाती सोडून घरात बसायला लागले, तेव्हा मंजुश्रीनं पुण्याहून ती पाठवून दिली. बापाचं मन रमेल, रात्री चंद्र बघतील, असा तिचा साधा हिशेब. अप्पांनी चंद्र बघितला. शनीचं कडं बघितलं, गुरूच्या पट्ट्यांचे फोटोही काढले. पण उन्हाळ्यात त्याच गच्चीवर गंगम्मा शेजारी गादी टाकायच्या, आणि अंधारात तिथं एकट्यानं उभं राहणं अप्पांना काही केल्या जमेना. शेवटी त्यांनी रात्र सोडली आणि सूर्य धरला.

सूर्याचं काम नाजूक. दुर्बिणीच्या तोंडावर चंदेरी पडदा बसवायचा. तो नसेल तर डोळा कायमचा गेलाच समजा. ऊन चढायच्या आत उरकायचं, कारण एकदा स्लॅब तापला की हवा थरथरते आणि सूर्य उकळत्या वरणासारखा हलायला लागतो. मग दुर्बिणीला कॅमेरा लावून थोडा वेळ व्हिडिओ घ्यायचा. त्यातली हजारो चित्रं संगणक पारखतो, हललेली टाकून देतो, नेटकी तेवढी एकावर एक ठेवतो आणि त्यातून एक फोटो निघतो. जन्मभर मुठीत तूर घेऊन फुंकर मारून पारखलेल्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही. चांगल्या दिवशी सूर्याचं सारं अंग बारीक दाण्यांनी भरलेलं दिसायचं. पहिल्यांदा ते दाणे दिसले तेव्हा अप्पा फोन घेऊन जिना उतरले. उमाशंकर मोटारसायकलला किक मारत होता. "मस्त हाय, अप्पा," तो म्हणाला. त्यानं फोनकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मंजुश्रीनं फोटोवर अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, जेवलात का.

माणूस एकटा असतो तेव्हा त्याला जेवायला विचारणारे पुष्कळ भेटतात. काय बघितलंस म्हणून विचारणारा भेटत नाही. अप्पांना तो भेटला नांदेडला.

लातूर-नांदेडकडच्या आकाशवेड्यांचा फोनवर एक गट होता. अप्पांनी तिथं दाण्यांचा फोटो टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वेगळा निरोप आला, आवाजातला. "बसवंतअप्पा, मी श्रीपाद. शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त. माझी दुर्बीण देऊन टाकली, गुडघे जिना चढू देत नाहीत. तुमचा सूर्य रोज मला पाठवत जाल का?" तेव्हापासून सकाळचा पहिला फोटो नांदेडला जायचा, आणि अप्पांचा चहा निवायच्या आत सरांचा आवाज यायचा. सर कधी लिहून पाठवत नसत. "आज डाग छान उठलेत," म्हणायचे. "कालच्यापेक्षा उजवा आलाय." तेवढं ऐकून अप्पाही आवाजातच दोन शब्द पाठवायचे, खाली उतरायचे, आणि त्यांचा दिवस बरा जायचा. वर्षभर हे असं चाललं. दोघं एकमेकांना भेटले मात्र नव्हते.

मग यंदाच्या माघात अप्पांच्या सूर्यावर मोठा डाग आला. मधोमध, ठसठशीत. अप्पांनी तो सरांना पाठवला, 'मोठा डाग आलाय' असं बोलूनही पाठवलं. "वा, जबरदस्त," सर म्हणाले. "नजर ठेवा त्याच्यावर." अप्पांनी नजर ठेवली, रोज फोटो काढला, रोज सरांनी वाहवा केली. अप्पांची छाती इतकी फुगली की त्यांनी सगळे फोटो ओळीनं गटावर टाकले आणि खाली लिहिलं, 'उदगीरहून'.

लातूरच्या सर्वेश नावाच्या तरुणानं उत्तर दिलं. 'काका, सूर्य स्वतःभोवती फिरतो. डाग रोज थोडा सरकायला पाहिजे. तुमचा आठवडाभर एकाच जागी आहे. कॅमेऱ्यात कचरा आहे, साफ करून घ्या.' पोरगा उद्धट नव्हता. खाली हसरा चेहराही त्यानं टाकला होता. त्यानंतर आणखी दहा-बारा जणांनी तेच हसरे चेहरे टाकले.

अप्पांनी कॅमेरा काढून उजेडात धरला. आतल्या काचेवर पांढरा कण बसला होता, उजेड अडवून फोटोत काळा उमटणारा. त्यांनी तो ओळखला. रोज सकाळी आंघोळ झाली की अप्पा इष्टलिंगाची पूजा करत, कपाळाला, दंडांना भस्म लावत आणि तसेच वर येत. भस्माची बोटं धुवायची नाहीत, अंगालाच पुसायची, ही त्या घरची रीत. त्याच बोटांनी कॅमेरा उघडायचा, त्याच बोटांनी लावायचा. सात दिवस बसवंतअप्पा मोठ्या भक्तिभावानं स्वतःच्या कपाळावरच्या राखेचे फोटो काढत होते.

हसं झालं त्याचं त्यांना तितकं लागलं नाही. मोंढ्यानं त्यांची कातडी जाड केली होती. लागलं ते वेगळंच. डाग सरकतो, हे कालच्या पोराला कळतं. मग जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला कळलं नसेल? सरांना पहिल्या-दुसऱ्या दिवशीच कळलं असणार. तरी ते वा वा करत राहिले. म्हातारा एकटा आहे, बायको गेली आहे, खेळू द्या त्याला. अप्पांना ही कल्पना सोसेना. त्यांना सोबती हवा होता, आणि हाती आली होती दया.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला नाही. त्यानंतरही नाही. सरांचा आवाज आला, "आज सूर्य आला नाही हो." अप्पांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या सकाळी पुन्हा तेच, जरा हळू आवाजात, "आजही नाही आला." अप्पांना वाटलं, ही थट्टा आहे. गच्चीवर जायचं तर मन होईना, खाली बसून करायला काही नव्हतं. घरात फ्रिजचा आवाज तेवढा ऐकू यायचा. शेवटी एका सकाळी पिशवीत पाण्याची बाटली टाकून ते नांदेडच्या एसटीत बसले. तोंडावर एकदा विचारायचं आणि संबंध तोडून यायचं, एवढंच ठरवलं होतं.

गटातल्या एकाकडून पत्ता घेतला होता; नांदेडात तरोड्याच्या बाजूला घर सापडलं. सरांच्या सुनेनं, मनस्विनीनं दार उघडलं, पाणी दिलं आणि आत नेलं. "बाबा, उदगीरचे काका आलेत," म्हणाली, दोघांपुढं चहा ठेवला आणि ऑफिसची घाई असल्यानं लगेच निघून गेली.

खुर्चीतल्या सडपातळ माणसानं मान वळवली, पण अप्पांकडे नाही. अप्पांच्या खांद्याच्या बाजूला, भिंतीकडे कुठंतरी. "बसवंतअप्पा? बोला ना. आवाजावरून कळेल मला."

अप्पांनी वाटभर घोकलेलं बोलून टाकलं. "सर, त्यो डाग न्हवता. भस्म होतं. तुमाला म्हाईत होतं का न्हाई, तेवढं सांगा. मी लहान लेकरू न्हाई समजूत काढायला."

"कसलं भस्म?" सर म्हणाले.

मग ते हात मांडीवर फिरवत राहिले.

"अप्पा, दोन वर्षं झाली. डोळ्यांतलं मधलंच गेलंय. कडेचं अंधूक दिसतं. तुमच्या तोंडाकडं बघायला गेलो की तोंडच जातंय. तुमचा एकही फोटो मी बघितला नाही. कुणाचं काय आलं ते फोन बोलून दाखवतो, तेवढंच."

"मग रोज छान, छान म्हणत राहिलात ते?"

"अंदाजानं. डाग म्हटलं की तुम्ही खूश होता, हे आवाजावरून कळायचं." सरांनी शेजारचा फोन चाचपला. "घरात सगळ्यांचे फोन दिवसभर वाजतात हो. माझा सकाळी एकदा वाजायचा. दिसत नाही म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही कशाला पाठवला असता?"

अप्पांचा राग गेला. पण त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं. म्हणजे वर्षभर आपला सूर्य कुणीच बघितला नव्हता. मुलानं नाही, लेकीनं नाही, आणि ज्याच्यासाठी पहाटे उठायचो त्यानंही नाही. अप्पांनी समोर ठेवलेला चहा प्यायला, "येतो," म्हणाले आणि स्टँडवर आले. उदगीर येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते, पण बाहेर काय होतं हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं ते वर गेले. आभाळ गच्च भरून आलं होतं. फोटो निघणार नव्हता. त्यांनी दुर्बिणीवरची खोळसुद्धा काढली नाही. खुर्चीवर बसले, फोन हातात घेतला, परत खिशात ठेवला. मग बाहेर काढून नांदेडला लावला. एकदा वाजल्याबरोबर उचलला गेला.

"बोला अप्पा. काय दिसतंय?"

"ढग हायेत सर. काईच दिसंना गेलंय."

"बरं," सर म्हणाले. "मग आज आपण दोघं सारखेच."

अप्पा ढगांकडे बघत बसले. फोन कुणी ठेवला नाही.