नानांच्या बाजूचा हीटर

हसाल तुम्ही, पण सांगतोच. खान्देशात राहून हीटर असलेली मोटार शोधत हिंडणारा माणूस हसण्यासारखाच. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्याला हात लावला तर पोळतो, आणि मी एरंडोलचा नवखा वकील जळगावच्या एका मारवाडी शेठजींची जुनी विलायती मोटार घेऊन आलो. का? तर तिच्यात हीटर आहे म्हणून.

कारण होतं हो. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची छाती पार खराब झाली होती. दर आठवड्याला धुळ्याला इंजेक्शन. डॉक्टरांनी बजावलं होतं, गारठा बाधला तर माझ्याकडे उपाय नाही. हिवाळ्यात पहाटेच्या बसमध्ये नाना खोकून खोकून अर्धे होत. ते मला बघवेना.

मोटार आली. मी बाररूममधल्या वकिलांना हीटर दाखवला, पानवाल्याला दाखवला, कोर्टाच्या पट्टेवाल्याला तर आत बसवून विचारलं, "लागतंय ना गरम?"

पहिल्या फेरीला पारोळ्याच्या अलीकडे मस्त ऊब आली आणि पारोळं मागे पडतं न पडतं तोच गार. नाना शालीत मुटकुळं करून खोकतायत. धुळ्याला त्यांना उतरवून बघतो, तर बटण जागच्या जागी, हवा गरम! येताना पुन्हा तीच तऱ्हा. कधी मात्र नानांना डुलकी लागली की सबंध रस्ता ऊब. आता माणूस झोपलाय का ते बघून चालणारं यंत्र कुणी पाहिलंय?

धुळ्याच्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, "वकीलसाहेब, आपल्याकडे लोक गाडीत पंखा बसवायला येतात." तरी त्यानं रबरी नळी बदलली, वायर बदलली, फ्यूज बदलला. फरक शून्य. मी एकटा असलो की हीटर ठणठणीत, नाना बसले की बिघाड.

मग मी माझं डोकं लढवलं. डाव्या सीटवर वजन पडलं की खालची वायर दबत असणार! ज्वारीचं पोतं नानांच्या जागी ठेवलं आणि पारोळ्यापर्यंत हिंडवून आणलं. पोत्याला जाता-येता उत्तम ऊब लागली.

तुम्ही म्हणाल, शहाण्या, नानांनाच का नाही विचारलंस? तर आमच्या घरात बापलेक एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीतच तशी. सगळे निरोप आईमार्फत, तिला आम्ही अक्का म्हणायचो. नाना समोर बसलेले असताना मी म्हणायचो, "अक्का, नानास्ले सांग, सकायले निंघानं शे." नाना तिलाच म्हणायचे, "त्याले सांग, मी तयार शे." गाडीत अक्का नसे. मग धुळ्यापर्यंत मी रस्ता बघायचो आणि नाना खिडकीबाहेर.

संक्रांतीच्या सुमाराला पारोळ्याच्या पुढे मुकटी गावाजवळ बैलगाड्या आडव्या आल्या म्हणून थांबलो. नजर सहज डावीकडे गेली. शालीतून नानांचा हात हळूच बाहेर आला, त्यानं गुडघ्यापाशी असलेलं हीटरचं बटण फिरवलं आणि तो परत शालीत गेला.

"नाना, काय करी ऱ्हायनात?" रीतभात विसरून मी थेटच विचारलं.

नाना ओशाळले. "गरम वाफ येस रे भाऊ. एंजिन तापनं म्हनीसन बंद करी देस. थोडा दम लेवू दे तिले."

बैलांना दम देतात तसा ते माझ्या मोटारीला दम देत होते. आणि दुसऱ्याची वस्तू होती तशी ठेवायची ही जन्माची सवय, म्हणून उतरताना बटण पुन्हा पहिल्यासारखं फिरवून ठेवत होते.

"मंग माले कधी सांगं नही?"

"तू इतला हौशीनं गाडी लिधी. तुन्ही गाडी खराब शे असं सांगू ते तुले वाईट वाटी."

साऱ्या एरंडोलला हीटर दाखवला, ज्वारीच्या पोत्यालासुद्धा त्याचा लाभ दिला. ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्यांना सांगायचं राहिलं. अक्काला सांगितलं असतं तरी पोचलं असतं.

"नाना, तो हीटर शे. तुमनासाठेच लिधी गाडी."

नाना त्या बटणाकडे वाकले. "हाई ऊब मन्हासाठे शे?" असं म्हणून त्यांनी स्वतःच ते सुरू केलं आणि पाय जरा पुढे सरकवले. त्या दिवशी आम्ही धुळ्यापर्यंत बोलत गेलो. कपाशीचं बोललो, त्यांच्या जुन्या बैलजोडीचं बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच, मध्ये अक्का नसताना.

पुढची थंडी नानांनी पाहिली नाही. उन्हाळ्यातच गेले. त्या हिवाळ्यात धुळ्याच्या कोर्टात मी एकटाच जायचो आणि हीटर एकदाही बंद पडला नाही. शेजारची जागा रिकामी आणि तिच्याकडे ऊब वाहतेय, हे सोसेना. मोटार विकायला काढली.

गिऱ्हाईक चौकस होतं. चार दारं उघडून पाहिली, टायर पाहिले, मग म्हणालं, "वकीलसाहेब, हीटर नीट चालतो ना?"

म्हटलं, "चालतो. फक्त शेजारी बसणाऱ्याला तेवढं वेळेवर सांगून ठेवा."