हात जोड!

काल भरदुपारी आमच्या गल्लीत पोलिसांनी एका पोराची धिंड काढली. वय सोळा असेल नसेल. आदल्या आठवड्यात त्याने इथल्या गाड्यांच्या काचा फोडल्या होत्या. फोडल्या हे खरंच, त्यात वाद नाही. कोठडीत टाकताना कमरेचा पट्टा काढून घेतात, म्हणून ढगळ पँट दोन्ही हातांनी धरून तो चालत होता.

“हात जोड! हात जोडून माफी माग!” शेजारचे काका गॅलरीतून ओरडले.

त्याने एकदा वर पाहिलं, एकदा आपल्या हातांकडे.

“बघा, मस्ती अजून उतरलेली नाही,” काका म्हणाले.

मस्ती! याच काकांच्या नातवाने दिवाळीत आडवा बाण सोडून इस्त्रीवाल्याची टपरी पेटवली होती. तेव्हा “पोरवय आहे हो, चालायचंच,” म्हणत काका दारोदार फिरले आणि अख्ख्या गल्लीने समजून घेतलं. पोलिसांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. पोरवयही आम्ही घर बघून देतो की काय? अल्पवयीन मुलाला असं रस्त्यावरून मिरवायचं नसतं, असं कायदा सांगतो. पण तो कायदा आम्हाला आपल्याच पोरांच्या वेळी आठवतो.

शेवटी हवालदाराने मानेवर एक ठेवून दिली आणि पोराने हात जोडले. पँट घसरून गुडघ्यांवर आली. अख्खी गल्ली हसली.

सगळ्यात पुढे काकांचा नातू होता, त्या पोराच्याच वयाचा, मोबाइल उंच धरून शूटिंग करत. त्याच्या कमरेला नवाकोरा पट्टा होता.