मॅडमचा पिवळा कुर्ता

तळवलीतल्या आमच्या शिवणकामाच्या कारखान्याच्या मॅडम एकेकाळी साड्यांच्या जाहिरातींत झळकायच्या. कारखाना काढल्यावर त्या टीव्हीवरही दिसायला लागल्या. पण आमच्यात आल्या की पर्स कोपऱ्यात टाकायच्या आणि शिवलेला प्रत्येक कुर्ता आधी उलटा करायच्या. "पुढून काय, सगळेच छान दिसतात," म्हणायच्या. आतली शिलाई वाकडी निघाली की हसून एकच शब्द: "उसवा."

माझा एक पिवळा कुर्ता त्यांनी तीनदा उसवायला लावला. मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे एका रविवारी शेजारणीकडे केबलवर मॅडमची मुलाखत बघत होतो. अंगात तोच पिवळा कुर्ता! मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, "मॅडम, तुमच्या सौंदर्याचं गुपित काय?"

मॅडमनी कुर्त्याची कड उलटी करून सरळ कॅमेऱ्यापुढे धरली.

"माझं राहू द्या. आमच्या बायकांची ही शिलाई बघा."

शेजारीण ओरडली, "ही तुजी शिलाई हाय ना गो?"

"व्हय, माझीच," मी म्हटलं. "चौथ्या खेपेची."